जिजींनी निवडलेलं डांगर

सुरी आत गेली तेव्हाच मला कळलं, आज पुन्हा काकडी. पिकलेलं खरबूज कापताना हाताला काही लागत नाही. हे करकरत होतं. उघडलं तर गर पांढरट आणि बिया मधोमध घट्ट चिकटलेल्या. मी फोडी केल्या, ताटलीत मांडल्या आणि ओसरीवर नेऊन ठेवल्या. तिथं सगळे वाट बघत होते. सासरे, म्हणजे अण्णा, आरामखुर्चीत. माझा नवरा यशवंत खाली भिंतीला टेकून. आमची सहा वर्षांची गार्गी त्याच्या मांडीवर. आणि झोपाळ्यावर सासूबाई, ज्यांना सगळं गाव जिजी म्हणायचं.

जिजींचं लक्ष ताटलीकडे नव्हतं, खाणाऱ्यांच्या तोंडाकडे होतं. अण्णांनी फोड चावली, गिळली आणि नुसतंच 'हं' म्हणाले. यशवंत म्हणाला, छान थंड आहे. गार्गीनं अर्धी फोड खाल्ली आणि उरलेली हळूच माझ्या पदराखाली सरकवली.

"फिकं आहे," मी म्हणाले.

ओसरीवर अशी शांतता पसरली, जशी काही मी बारशाच्या घरी जाऊन गळा काढला होता. जिजींनी पाय टेकून झोपाळा थांबवला.

"कापून किती वेळ ठिवलं व्हतं?"

"आत्ताच कापलं, जिजी."

"मंग सुरी कांद्याची असीन."

सुरी कांद्याची नव्हती. पण हे सांगून उपयोग नव्हता, कारण त्या घरात फळाची चूक कधीच नसायची. कापणाऱ्याची असायची, वाढणाऱ्याची असायची, नाहीतर उन्हाची. मी ताटली उचलली, आत गेले आणि उरलेल्या फोडींवर गूळ-वेलची घालून त्यांचं सरबत केलं. ते करताना मी पातेली जरा जास्तच आपटली असतील. मला त्या घरात एकदा, फक्त एकदा, स्वतःच्या हातानं फळ निवडून आणायचं होतं आणि ते खाऊन कुणीतरी 'शैलानं आणलंय, गोड आहे' असं म्हणायला हवं होतं. नऊ वर्षांच्या संसारात एवढीशी हौस मागे राहिली होती, आणि तीच टोचत होती.

आमच्या खानदेशात खरबुजाला डांगर म्हणतात. पुण्याकडे डांगर म्हटलं की लोकांना भोपळा आठवतो, त्याला आमचा इलाज नाही. तापीच्या वाळूत वाढलेलं डांगर ज्यानं खाल्लं, त्यानं इतर फळांची नावं घेऊ नयेत. आणि ते निवडावं जिजींनीच, असं सगळ्या गावाचं मत होतं. शेजारच्या बायका आपल्या पिशव्या जिजींकडे देत. जिजी ढिगासमोर उकिडव्या बसत, एकेक डांगर उचलत, देठाकडची बाजू नाकाशी नेत आणि डोळे मिटत. ठेवलं की ठेवलं, घेतलं की घेतलं. डांगराचं रूप भारी फसवं. वरून पिवळंधम्मक आणि आत पाणी. म्हणून जिजी रूपाकडे बघतच नसत. आंब्याचंही तसंच. अढीतल्या गवतात हात घालून पिकलेला आंबा काढायचा तो नाकाजवळ नेऊनच.

मी लग्न होऊन आले त्या वर्षी मोठ्या हौसेनं एक डांगर घेऊन आले होते आणि ते आतून सडकं निघालं. झालं. त्या दिवसापासून बाजाराच्या पिशव्या मी उचलायच्या आणि पिशवीत काय पडायचं ते जिजींनी ठरवायचं. मी शाळेत पन्नास मुलींच्या वर्गाला शास्त्र शिकवत होते, फळ कसं पिकतं हे फळ्यावर आकृती काढून सांगत होते. पण घरी मला लिंबू आणायला सांगायचं तरी जिजी दोनदा विचार करत.

हे सगळं मी सोसलं असतं, कारण त्या निवडत तेव्हा खाताना कुणाची तक्रार नसायची. पण त्या वर्षी काहीतरी बिनसलं होतं. एकामागून एक डांगर फिकं निघत होतं. पपई बेचव, चिकू तुरट. आणि खरी चीड आणणारी गोष्ट ही, की भाजी मात्र पहिल्यासारखी उत्तम येत होती. भेंडी टोक मोडून बघितलेली, कोवळी; दुधी नख रुतेल असा; गवार, दोडकी, गिलकी, सगळं नंबर एक. म्हणजे बाईंचा हात शाबूत होता, डोळा शाबूत होता. मग फळांनीच काय घोडं मारलं होतं? होळीच्या सुमारास गच्चीवर कुरडया घालताना जिजी पाय घसरून पडल्या होत्या आणि डोक्याला मागे टाके पडले होते, पण ते केव्हाच भरून आलं होतं. माझं मत असं झालं, की वयाबरोबर बाईंचा हट्ट वाढलाय आणि त्या मुद्दाम, आपलंच खरं करायला, पहिलं हाताला लागेल ते उचलून आणतायत.

इतर वेळी मी दात-ओठ खाऊन गप्प बसले असते. पण आखाजी आठवड्यावर आली होती, आणि ती ज्योत्स्नाची, माझ्या नणंदेची, लग्नानंतरची पहिली आखाजी होती. अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो. मुली माहेरी येतात, झोके बांधतात. आदल्या पिढीतल्या गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरतात, घागरीवर डांगर ठेवतात, जोडीला आंबे. तो नैवेद्य होईपर्यंत आमच्या घरात कुणी आंब्याला तोंड लावत नाही. मग पुरणपोळी आणि रसाचं जेवण. यंदा त्या जेवणाला ज्योत्स्नाबरोबर जावई आणि आमच्या विहीणबाईही येणार होत्या. लग्नात त्यांनी वरणात मीठ कमी असल्याचं चारचौघांत सांगितलं होतं, एवढ्यावरून काय ते समजावं. रस आंबट निघाला, डांगर फिकं निघालं, तर बोल कुणाला लागणार होता? निवडणारीला कधीच नाही, रस काढणारीला.

दोन दिवसांनी मी पिशव्या घेऊन जिजींबरोबर बाजारात गेले. डांगरांच्या ढिगामागे सुपडू बसायचा. त्याचे वडीलही तिथंच बसत, त्यामुळे जिजी त्याला अरे-तुरे करत. जिजी उकिडव्या बसल्या, एक डांगर उचललं, नाकाशी नेलं, डोळे मिटले. खूप वेळ तशाच बसल्या. मग ते ठेवून दुसरं घेतलं. तिसरं घेतलं. मागे गिऱ्हाइकं उभी राहायला लागली. उन्हानं माझं डोकं उकळत होतं. शेवटी त्यांनी एक बाजूला काढलं.

"जिजी, ते राहू द्या," सुपडू हळूच म्हणाला. "हे घ्या."

"तू मले शिकवतो?"

"शिकवत नही, पन ते कच्चं आहे."

जिजींनी मग त्याला असं काही फैलावर घेतलं, की भाजीवाल्या माना वर करून बघायला लागल्या. तुझा बाप असं वागला नसता, तू औषध मारून माल पिकवतो, म्हणून माझ्या घरात कुणी डांगर खात नाही. सुपडूनं हात जोडले. मी मेल्याहून मेल्यासारखी होऊन पिशवीचं तोंड धरून उभी होते, आणि त्या पिशवीत जिजींनी तेच कच्चं डांगर घातलं. घरी आल्यावर ते कापलं तेव्हा आत काय निघालं हे सांगायची गरज नाही.

संध्याकाळी मी यशवंतला गाठलं. त्याला म्हटलं, निदान आखाजीची फळं मला आणू दे. तो म्हणाला, आईला काय वाटेल? मी म्हटलं, विहीणबाईंना काय वाटेल याचा विचार कर. तो म्हणाला, एवढी आखाजी जाऊ दे, मग बघू. हा माणूस सगळ्याच गोष्टी 'मग बघू' वर ठेवतो. आमचं छप्पर दोन पावसाळे 'मग बघू' वर गळत होतं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून करपल्याचा वास आला. मी धावत गेले. दूध उतू जाऊन तळाला लागलं होतं आणि जिजी शेगडीपासून हातभर अंतरावर, पाठ करून, शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी वळूनसुद्धा बघितलं नव्हतं. मला दूध बघायला सांगितलं होतं, तेव्हा जळलं तर जळू दे, हिची फजिती होऊ दे, असंच मी त्याचं भाषांतर केलं. रडू येत होतं, पण रागाचं रडू फार वाईट. ते कुणाला दाखवताही येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळची शाळा सुटल्यावर मी घरी न जाता सरळ सुपडूकडे गेले. त्याला म्हटलं, मला निवडू दे. मी ढिगातली डांगरं एकेक करून हुंगली, जिजींना बघून बघून शिकले होते तशी. एक हातात आलं आणि मला दुसरं उचलायची इच्छाच झाली नाही. आखाजीआधी हे घरी कापून बघायचं, सगळ्यांना खाऊ घालायचं आणि मग सांगायचं, की हे मी आणलंय. आखाजीचंही मीच आणणार. असा माझा बेत होता.

पण घरी आले तर जिजी ओसरीवरच. मी पिशवी पदराखाली धरून थेट खोलीत गेले आणि डांगर लोखंडी कपाटात, साड्यांच्या मागे, दडवून टाकलं. शास्त्र शिकवणाऱ्या बाईनं याहून मोठा मूर्खपणा केला नसेल. पिकलं डांगर काय दागिना आहे, कपाटात राहायला? तासाभरात त्याचा वास खोलीभर झाला. मग ओसरीवर. अण्णा दोनदा खोलीच्या दारापर्यंत येऊन गेले. "कोठंतरी डांगर आहे," ते स्वतःशीच म्हणाले. गार्गीनं तर येऊन सरळ विचारलं, "मम्मी, आपल्या कपाटात कोण आहे?" तिला मी चॉकलेट देऊन शेजारी पाठवलं.

आणि मग जिजीच आल्या. ज्योत्स्नाची आखाजीची ओटी भरायला माझ्याकडची हिरवी इरकल द्यायचं ठरलं होतं, ती दाखव म्हणाल्या. इरकल कपाटात होती. मला वाटलं, पकडले गेले. वास ओसरीपर्यंत गेलाय, या बाईला कळलं नसेल असं कसं होईल? सगळं ठाऊक असून ती मला माझ्याच हातानं कपाट उघडायला लावतेय. माझ्या मनात आलं, ठीक आहे, एकदा भांडण होऊनच जाऊ दे. मी दार उघडलं.

आतून असा वास अंगावर आला, की मीच एक पाऊल मागे सरले. इरकल नेमकी डांगराला चिकटून होती. मी ती ओढून जिजींच्या हातात दिली आणि वाट बघत उभी राहिले.

जिजींनी घडी उलटसुलट करून बघितली. काठ बघितला. मग म्हणाल्या, "याले डांबराच्या गोयीचा वास तं नही लागला?"

"तुम्हीच बघा ना," मी म्हणाले. माझा आवाज चांगलाच तिखट लागला असणार.

त्यांनी साडी नाकाशी नेली. दीर्घ श्वास घेतला. डोळे मिटले, बाजारात मिटायच्या तसेच. मग साडी खाली घेतली आणि म्हणाल्या, "नही. काईच वास नही."

क्षणभर मला वाटलं, त्या माझी थट्टा करतायत. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. थट्टेचं नाव नव्हतं. साडीला डांगराचा वास इतका भरला होता, की धुऊनही चार दिवस गेला नाही. आणि मग मला ते जळलेलं दूध आठवलं. भाजी चांगली आणि फळं वाईट का, तेही आठवलं. बाजारात एकेक डांगर नाकाशी धरून ही बाई इतका वेळ का बसते, ते आठवलं. मी दार लोटून घेतलं.

"जिजी, तुम्हाला वास येत नाही?"

जिजी साडीची घडी परत घालायला लागल्या, ती सरळ होईना.

"केव्हापासून?"

"पडली तव्हापासून," त्या म्हणाल्या. "आधी वाटलं सर्दी आहे. जाईन. नही गेली. जिभेले गोड-आंबट समजते, बाकी काई नही. डांगर काय अन् साखरपानी काय, सारखंच."

मी कपाटातून डांगर काढून त्यांच्यासमोर पलंगावर ठेवलं. त्यांनी ते उचललं, देठाकडची बाजू नाकाला लावली आणि माझ्याकडे बघून मान हलवली. मी विचारलं, कुणाला सांगितलं का नाही? यशवंतला, अण्णांना, डॉक्टरांना?

"अन् काय सांगू? या घरात मले इचारून काय व्हते सांग बरं. पैशाचं ते पाहतात. शेताचं यशवंत पाहतो. शिकेल-सवरेल तू आहे. मले कोनी काई इचारत नही. फक्त उन्हाया आला का गावच्या बाया माह्या दारात पिशव्या घिऊन येतात. तेवढंच व्हतं." त्यांनी डांगर खाली ठेवलं. "ते जाऊ दे. पोरगी झोपली का तिचं टाळकं हुंगत व्हती मी रोज. आता हुंगते अन् काईच नही. जशी काई दुसऱ्याची पोरगी."

त्या रडल्या नाहीत. मीच रडले, आणि मला त्यांचा इतका राग होता, की मी कशासाठी रडतेय ते मला समजेना. मी म्हटलं, आखाजी झाली की जळगावला डॉक्टरकडे जाऊ. त्या बरं म्हणाल्या. मी म्हटलं, आणि आखाजीची फळं मी आणते. तेव्हा मात्र त्यांची मान ताठ झाली.

"फयं मीच आननार."

"जिजी, तुम्ही निवडणार कशानं?"

"तू हुंगजो," त्या म्हणाल्या. "उचलीन मी."

मी काही बोलणार, तोच अण्णांनी दारावर थाप मारली. जिजींनी डांगर उचललं, दार उघडलं आणि त्यांच्या हातात देऊन म्हणाल्या, "घ्या. कव्हाचे हुंगत फिरून राह्यले. आनलं मी एक चांगलं, ठिवलं व्हतं शैलाच्या कपाटात." आणि मागे वळून न बघता ओसरीवर गेल्या. ते डांगर मीच कापलं. आत केशरी, मऊ, नुसतं पाणी सुटलेलं. अण्णा एकामागून एक फोडी खात म्हणाले, आता कसं, हे झालं जिजीचं डांगर. यशवंत माझ्याकडे 'बघ, उगाच आरडाओरडा करत होतीस' अशा नजरेनं बघत होता. मी फोड तोंडात टाकली आणि ओठ घट्ट मिटून घेतले.

आखाजीच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी बाजारात गेलो. ठरलं होतं असं: मी ढिगातून एकेक डांगर उचलायचं, पदरानं धूळ पुसण्याच्या निमित्तानं तोंडाजवळ न्यायचं आणि जिजींना द्यायचं. चांगलं असेल तर देठ त्यांच्याकडे करून, वाईट असेल तर माझ्याकडे. पुढचं नाटक त्यांचं. आणि नाटक त्यांनी असं केलं, की माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी देठ पुढे करून दिलेलं डांगर नाकाशी धरून त्या डोळे मिटायच्या, मान डोलवायच्या आणि भोवतीच्या बायकांना ऐकू जाईल असं म्हणायच्या, "हे. हे घ्यावं." मी देठ मागे करून दिलेलं डांगर ठेवताना मला म्हणायच्या, "कायचं उचललं व माय, जरा पाहून तं उचलत जाय." दोन बायकांनी माझ्याकडे कीव करून बघितलं. सुपडूनं पैसे घेताना आनंदानं सांगितलं, की जिजींचं नाक पुन्हा ठिकाणावर आलं. आंब्यांचंही असंच झालं. घरी येताना दोन्ही पिशव्या माझ्या हातात होत्या आणि जिजी पुढे चालल्या होत्या, हात हलवत.

वाटेत मी त्यांना गाठून म्हटलं, निदान घरच्यांना तरी सांगू. त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, "एवढं मह्यापाशी राहू दे, शैला." नऊ वर्षांत त्यांनी माझ्याकडे मागितलेली ती पहिली गोष्ट होती. नाही म्हणायला तोंड उघडलं आणि नाही म्हणता आलं नाही, याचाही मला राग आला.

आखाजीला सगळं यथासांग झालं. घागर भरली, तिच्यावर मी हुंगलेलं डांगर बसलं. ज्योत्स्ना झोक्यावर बसून गाणी म्हणत होती. जेवायला बसल्यावर विहीणबाईंनी रसाची वाटी तोंडाला लावली, आणि मी पळी हातात धरून त्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहिले. त्यांनी वाटी खाली ठेवली ती रिकामी.

"काय आंबा आहे," त्या म्हणाल्या. "निवडला कोणी?"

मी जिजींकडे बघितलं. मला खरंच वाटलं होतं, की त्या आत्ता, या एका क्षणी, माझं नाव घेतील. घरच्याच सुनेचं नाव होतं, काय बिघडलं असतं? जिजींनी पुरणपोळीवर तूप वाढून घेतलं.

"नाक लागते त्याले, विहीनबाई," त्या म्हणाल्या. "शिकवून येत नही."

विहीणबाईंनी मान हलवली आणि ज्योत्स्नाला म्हणाल्या, आईकडून एवढं तरी शिकून यायचं होतंस. मी रस वाढत पुढे गेले. जिजींच्या ताटापाशी वाकले तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं आणि कुणाला ऐकू जाणार नाही असं विचारलं, "वास कसा आहे?"

वास कसा सांगतात? मी शास्त्राची बाई, मला सांगता येईना. "छान आहे," मी म्हणाले. त्यांनी मनगट सोडलं नाही. मग मी म्हटलं, "गवतात हात घातल्यावर येतो ना, तसा. थोडा मधासारखा. शेवटी जरासा आंबूस." त्यांनी डोळे मिटले, वाटीतला रस प्यायल्या आणि म्हणाल्या, "हां. गावरान आहे."

आखाजीनंतर आम्ही जळगावला गेलो. घरी सांगितलं, गुडघ्यासाठी जातोय. डॉक्टर म्हणाले, आतली नस दुखावली आहे. वास परत येईल किंवा येणार नाही. तो आला नाही. मग दर उन्हाळ्यात तेच: मी हुंगायचं, त्यांनी उचलायचं, त्यांनी मला चारचौघांत टाकून बोलायचं आणि घरी फोड हातात घेऊन हळूच विचारायचं, वास कसा आहे. कितीदा तरी मी चिडून म्हटलं, खा ना गुपचूप, रोज काय सांगू? तरी सांगायचेच. शेजारच्या बायकांच्या पिशव्याही मीच हुंगून भरत होते. एकदा मला तीव्र सर्दी झाली, तर जिजींनी बाजारच बंद ठेवला आणि गावात सांगितलं, की यंदा माल बरोबर नाही.

असे पुष्कळ उन्हाळे गेले. मग एका थंडीत जिजी गेल्या, झोपेत, कुणाला काही न सांगता. मी वाट बघत होते, की कधीतरी, निदान शेवटच्या आजारपणात, त्या यशवंतला सांगतील. आजारपणच आलं नाही.

त्यानंतरच्या आखाजीला आम्ही जिजींच्या नावानं घागर भरली. आदल्या दिवशी मी एकटी बाजारात गेले. त्याच ढिगासमोर बसले, तसंच हुंगून डांगर आणलं, तसेच आंबे आणले. वास ओसरीपर्यंत गेला. नैवेद्य झाला, पंगत बसली. ज्योत्स्ना आली होती, गार्गी कॉलेजातून आली होती. मी स्वतः डांगर कापलं, आत केशरी निघालं, आणि पहिली फोड अण्णांच्या हातात दिली.

अण्णांनी ती हळूहळू खाल्ली. मग म्हणाले, "चांगलं आहे. पन जिजीच्या निवडीची गोडी नही याले."

"ते नाक पुन्हा होणार नाही," यशवंत म्हणाला. ज्योत्स्नानं डोळ्याला पदर लावला. गार्गीसुद्धा, जिनं कळायला लागल्यापासून माझ्याच निवडीची डांगरं खाल्ली होती, मान हलवून म्हणाली, "खरंच, आजी आणायची ते वेगळंच असायचं."

माझ्या हातात सुरी होती. सगळं सांगून टाकायला एक वाक्य पुरलं असतं. मी घागरीकडे बघितलं आणि मनात म्हटलं, जिजी, तुम्ही जिंकलात.

"हो ना," मी म्हणाले, आणि अण्णांना आणखी एक फोड वाढली.